पागोळीचे पाणी आणि २०० हंडे



उपासना संपली की मंडळीतले कोणी ना कोणी जवळ येऊन विचारते, "ताई, पाड्यावर एक बोअर मारून द्यायला किती खर्च येईल?" त्या प्रश्नामागची माया खरी असते. तरी जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात बोअर हे पहिले उत्तर नव्हे, असे माझे मत आहे. ते का, हे या अंकात जरा सविस्तर सांगते.

या भागात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मुंबईची तहान भागवणारी मोडकसागर, मध्य वैतरणा, तानसा ही धरणे याच डोंगरांच्या कुशीत आहेत. तरीही मार्च उलटला की पाड्यावरच्या बाया रात्री विहिरीच्या काठी नंबर लावून बसतात, नाहीतर कोरड्या ओहोळात खड्डा करून वाटीवाटीने झिरपते पाणी भरतात.

याचे कारण पायाखालच्या काळ्या दगडात आहे. हा बेसाल्ट घट्ट असतो. त्यात पाणी राहते ते फक्त वरच्या मुरमाच्या थरात आणि खालच्या भेगांत. चार महिन्यांचा पाऊस उतारावरून धावत खाली जातो आणि मुरमात शिरलेले पाणीही फेब्रुवारीपर्यंत झऱ्याझऱ्याने निघून जाते. बोअरला भेग लागली तर पाणी, नाही लागली तर धूळ. कोरडी गेली तरी मशीनवाल्याला फुटाप्रमाणे पैसे द्यावेच लागतात. जवळच दुसरी मारली, तर पुष्कळदा तीही त्याच भेगेतले पाणी ओढते आणि दोन्ही हापसे एकाच आठवड्यात खडखडू लागतात.

म्हणून बोअर मारूच नये असे नाही. आधी भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडून किंवा जाणकार भूवैज्ञानिकाकडून जागा पाहून घ्यावी. पाणी किती आहे ते एप्रिल-मे महिन्यात मोजावे; नोव्हेंबरात तर सगळ्याच बोअर चांगल्या असतात. पाण्याची तपासणी करावी. संडासाच्या खड्ड्यापासून किमान ५० फूट अंतर ठेवावे, आणि हापशाभोवती पक्का ओटा व सांडपाण्याला नाली हवीच. एवढे केले तर बोअर आंघोळ, कपडे, गुरे यांचा भार उचलते. पिण्याच्या पाण्याचा शेवटच्या १०० दिवसांचा भरवसा मात्र तिच्यावर टाकू नये.

तो भरवसा घराच्या छपरावर आहे. हिशेब सोपा आहे: एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. घरकुलाचे पत्र्याचे छप्पर ३०० चौरस फुटांचे, म्हणजे सुमारे २८ चौरस मीटर धरा. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, आणि आषाढात असे दिवस येतातच, तर त्या छपरावर २,८०० लिटर पाणी पडते. आता गरज पाहा. सहा माणसांच्या घराला पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी ५ लिटर, म्हणजे रोज ३० लिटर, १५ लिटरचे दोन हंडे. मार्चच्या सुरुवातीपासून जूनमधल्या पावसापर्यंत सुमारे १०० दिवस. म्हणजे २०० हंडे, ३,००० लिटर. दोन चांगल्या दिवसांचा पाऊस ते भरून टाकतो. उणीव आहे ती साठवायच्या जागेची.

कौलारू किंवा पत्र्याचे छप्पर यासाठी चालते. गवताचे चालत नाही, ते पाणी पिण्याजोगे राहत नाही. उभा चिरलेला प्लॅस्टिकचा पाइप पन्हळ म्हणून पुरतो. मृगाचे पहिले पाऊस टाकीत घेऊ नयेत. त्यांनी छपरावरची धूळ, पालापाचोळा, पक्ष्यांची घाण धुऊन निघते. नंतरही उघडीप होऊन पाऊस आला की पहिली काही मिनिटे पाइप बाजूला वळवावा. टाकीच्या तोंडाला आणि वरून पाणी सांडते त्या नळीलाही बारीक जाळी लावावी, नाहीतर आपण डेंग्यूचे डास पाळतो. टाकीत उजेड शिरला की शेवाळ धरते, म्हणून ती गडद रंगाची, घट्ट झाकणाची हवी. तोटी तळापासून चार बोटे वर बसवावी, गाळ खाली राहतो.

पवित्र शास्त्रातला देशही असाच घरोघरच्या हौदांवर उन्हाळा काढत असे. यिर्मयाला ज्या हौदात सोडले त्यात पाणी नव्हते, नुसता चिखल होता. मे महिन्यात टाकी घासायची आठवण द्यायची असली की मी हीच गोष्ट सांगते. हसतात, पण घासतात.

खरी कसोटी पुढे आहे. पावसाळाभर टाकीतले पाणी वापरावे, ते पुन्हा भरते. सप्टेंबरपासून मात्र तोटी बंद. डिसेंबरात विहिरीला पाणी असताना दारातल्या टाकीकडे हात जातोच, पाहुणे आले, लग्न निघाले, शेळ्या तहानल्या. ज्या घरात हंडा वाहणाऱ्या बाईच्या शब्दाला मान असतो, तिथे टाकी होळीपर्यंत भरलेली राहते. म्हणून टाकी कुठे बसवायची आणि कधी उघडायची, हे आधी तिलाच विचारावे. दिवाळीनंतर तरणी माणसे वीटभट्टीवर जातात आणि घरी म्हातारी व लेकरे उरतात. त्यांना दरी उतरून हंडा आणता येत नाही.

शुद्धीकरणाबद्दल थोडक्यात. फडक्याने गाळले की कचरा जातो, जंतू जात नाहीत. उकळलेले पाणी उत्तम, पण त्याची मोळीही बाईच्याच डोक्यावर येते. क्लोरीनचे थेंब स्वस्त आणि भरवशाचे. टाकल्यावर अर्धा तास थांबावे, आणि पाणी गढूळ असेल तर आधी निवळू द्यावे. वाळूचा फिल्टर चांगला, मात्र तो रोज वापरात आणि सतत ओला असावा लागतो. शहरातले स्नेही प्रेमाने आर.ओ. मशीन पाठवू म्हणतात. तिला वीज लागते, ती बरेच पाणी वाया घालवते आणि तिचे मुख्य काम क्षार काढण्याचे. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच! घरात माठातून पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढले, तरी निम्मी काळजी मिटते.

एक इशारा. औद्योगिक वसाहतींतून केमिकलची जुनी पिंपे स्वस्तात मिळतात. कितीही धुतली तरी त्यांत पिण्याचे पाणी भरू नये. एखाद्या घरात असे पिंप दिसले, तर आधी ते बदलून द्यावे.

जे साहाय्य करू इच्छितात त्यांनी टाकीसोबत ओट्याचाही विचार करावा. ३,००० लिटर पाणी म्हणजे तीन टन वजन; मातीच्या ओट्यावर टाकी पहिल्याच पावसात कलते. दगड-सिमेंटचा ओटा मेअखेर पुरा व्हायला हवा, कारण मृग लागला की माणसे शेतात जातात आणि आमच्या गाडीला पाड्यापर्यंत रस्ता उरत नाही. टाक्या थोड्या असतील तेव्हा पहिली विहिरीपासून सर्वांत लांबच्या घराला द्यावी, आणि तशी दोन घरे असतील तर जिथे म्हातारे माणूस एकटे राहते त्या घराला.