बंदा रुपया आणि त्याची पारख

नाण्याची पारख आपल्या भाषेत इतकी मुरलेली आहे की, माणसांविषयी बोलतानाही आपण सराफाच्या पेढीवरचेच शब्द वापरतो. सच्च्या माणसाला आपण खणखणीत नाणे म्हणतो आणि ढोंग्याचे पितळ उघडे पडले म्हणतो. मराठेशाहीत नाण्यांची पारख करण्यासाठी पोतदार असे. भरणा होणारे नाणे खरे की खोटे हे त्याने सांगावयाचे. आज पोतदार हे आडनाव राहिले आहे, पण ती नजर घरोघर राहिलेली नाही. चांदीचे रुपये मात्र देव्हाऱ्यात आणि लक्ष्मीपूजनाच्या डब्यात अजून आहेत. वाटणीच्या वेळी किंवा अडचणीच्या दिवशी ते बाहेर निघतात, तेव्हा आपल्या हाती नेमके काय आहे हे घरच्या माणसास ठाऊक असावे, एवढ्यासाठीच आम्ही हा विषय निवडला आहे.

प्रथम अस्सल रुपया कसा असतो ते पाहू. १८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारने रुपयाचे वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा किंवा ११.६६ ग्रॅम, असे ठरविले. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी आणि एक भाग हीण. राण्या-राजे बदलले, छाप बदलले, पण हे प्रमाण १९३९ पर्यंत टिकले. दुसऱ्या महायुद्धात चांदीची चणचण भासू लागली, तेव्हा १९४० पासून रुपयात शेकडा ५० चांदी, ४० तांबे, ५ निकेल आणि ५ जस्त असे मिश्रण आले. पुढे १९४७ चा रुपया तर निव्वळ निकेलचा निघाला. त्याच्या पाठीवर वाघ आहे.

गंमत अशी की, या तिन्ही रुपयांचे वजन एकच. म्हणून तराजूच्या आधी साल वाचावे. जुन्या रुपयात सुमारे १०.६९ ग्रॅम चांदी आहे, १९४० ते १९४५ च्या रुपयात ५.८३ ग्रॅम, आणि वाघाच्या रुपयात मुळीच नाही. वीस रुपयांच्या पुरचुंडीत हा फरक जवळजवळ शंभर ग्रॅम चांदीचा होतो. जो साल न पाहता सरसकट भावाने विकतो किंवा वाटणी करतो, तो कोणावर तरी अन्याय करतो.

आता बनावट नाण्यांकडे वळू. लोहचुंबक जवळ नेला आणि नाणे चिकटले, तर ते चांदीचे नव्हे. वाघाचा निकेलचा रुपयाही असाच चिकटतो. पण न चिकटले म्हणून ते चांदीचे ठरत नाही, कारण तांबे, पितळ, शिसे हेही चिकटत नाहीत. कित्येक जण नाण्यावर बर्फाचा खडा ठेवून पाहतात. चांदी उष्णता फार चटकन वाहून नेते, म्हणून बर्फ झरझर वितळतो, हे खरे. परंतु तांबे या गुणात चांदीच्या अगदी पाठोपाठ आहे. चांदीचा मुलामा दिलेले तांब्याचे नाणे या परीक्षेत सहज उत्तीर्ण होईल. आवाजाचेही तसेच. शिशाचे नाणे बद्द वाजते, पण चीर गेलेला अस्सल रुपयाही बद्दच वाजतो.

डोळ्यांनी पाहावयाचे ते काठाकडे आणि उठावाच्या भागांकडे. राजाचा गाल, मुकुट आणि कड ही आधी झिजतात. तेथे तांबूस किंवा पिवळसर झाक दिसली, की म्हणीतले पितळ खरोखरच उघडे पडले. साच्यात ओतलेल्या नाण्याची अक्षरे बोथट असतात, पृष्ठभागावर बारीक छिद्रे दिसतात आणि कधी काठावर सांध्याची रेघ सापडते. टांकसाळीतील नाणे ठोकलेले असते. त्याला सांधा नसतो.

तथापि सर्वांत भरवशाची परीक्षा आर्किमिडीजची, आणि ती स्वयंपाकघरातही करता येते. सोन्याचांदीचे वजन करण्याचा, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखविणारा लहान काटा घ्यावा. प्रथम नाण्याचे कोरडे वजन लिहून ठेवावे. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणावा. नाणे बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवावे, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नये. अंगाला चिकटलेले बुडबुडे झटकून टाकावेत. आता काटा जे दाखवील ते नाण्याने बाजूस सारलेल्या पाण्याचे वजन. कोरड्या वजनाला त्याने भागले, की धातूची घनता मिळते.

जुन्या रुपयाला पाण्याचा आकडा सुमारे १.१३ येतो आणि घनता १०.३ च्या आसपास. अर्ध्या चांदीच्या रुपयाची घनता सुमारे ९.५. तांबे किंवा निकेल असेल तर ८.९, आणि पितळ त्याहूनही खाली. नाणे झिजले असले तरी हरकत नाही. वजन घटते तसे आकारमानही घटते, घनता तीच राहते. मुलामाही येथे फसवू शकत नाही, कारण पाणी वरचा रंग पाहत नाही. शिसे आणि कथील योग्य प्रमाणात मिसळून ही घनता साधता येईल. पण असे नाणे मऊ असते, बद्द वाजते आणि कागदावर काळी रेघ उमटवते. म्हणून एका साक्षीवर निकाल देऊ नये. साल, वजन, चुंबक, काठ आणि पाणी, या पाचांची साक्ष जुळली तरच नाणे खरे मानावे.

दोन गोष्टी मात्र करू नयेत. कानशीने घासून किंवा तीव्र आम्लाचा थेंब टाकून घरी परीक्षा करू नये. आम्लाने हात भाजतो आणि नाण्याला कायमचा डाग राहतो. तसेच चिंच, राख किंवा पावडर लावून जुना रुपया लखलखीत करू नये. संग्राहकाच्या दृष्टीने त्याची किंमत त्या काळवंडलेल्या अंगातही असते. शंका उरलीच तर नाणे जाणत्या सराफाकडे न्यावे. पण घरून निघताना साल, वजन आणि घनता एका चिठ्ठीवर लिहून न्यावी. ज्याच्या खिशात अशी चिठ्ठी आहे, त्याला पेढीवर कोणाच्या शब्दावर विसंबावे लागत नाही.