मागच्या वर्षीचा विजेता यंदा काय करील?

महाविद्यालयांचे वर्ष सुरू होते, पावसाने मैदानांची तळी होतात आणि त्याच सुमारास आंतरमहाविद्यालयीन फुटबॉलचे वेध लागतात. कफ परेडच्या मच्छीमार नगरात जून-जुलैचे दिवस तसे मोकळे. मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या आणि मिळेल त्या मोकळ्या जागेत पोरांचा चेंडू. कूपरेजचे मैदान येथून चालत जाण्याच्या अंतरावर. साहजिकच 'यंदा कोण?' हा वाद येथेही रंगतो. अशा वादात पुरावा बहुधा एकच असतो, तो म्हणजे मागच्या वर्षीचा गुणतक्ता. पहिला आलेला संघ पुन्हा वर राहील, तळाचा तळालाच राहील, असे सगळे धरून चालतात. या तक्त्यावर किती विसंबावे, हा खरे तर संख्याशास्त्राचा प्रश्न आहे आणि तो दहावी-बारावीच्या वर्गात सहज मांडता येतो.

अमेरिकेत या प्रश्नाभोवती एक उद्योगच उभा आहे. तेथील महाविद्यालयांचे संघ गटागटांत विभागलेले असतात. अशा गटाला 'कॉन्फरन्स' म्हणतात. (त्यांचा फुटबॉल निराळा, अंडाकृती चेंडूचा, पण आपल्या मुद्द्याला त्याने बाधा येत नाही.) नियमित हंगामात एका संघाच्या वाट्याला साधारण १२ सामने येतात आणि हंगामापूर्वी प्रत्येक गटाचे भाकीत करणारे लेख व विशेषांक निघतात. आपल्याकडे गटवार साखळीत सामने त्याहूनही कमी असतात. सामने थोडे असले की काय होते, ते पाहण्यासाठी एक फासा पुरेसा आहे.

समजा, आठ महाविद्यालयांचा एक गट आहे आणि प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येकाशी एकदा खेळतो. एकूण सामने २८, प्रत्येकाच्या वाट्याला ७. आता असे धरू की आठही संघ अगदी तुल्यबळ आहेत. प्रत्येक सामन्यासाठी फासा टाका. १ किंवा २ पडले तर पहिला संघ विजयी, ३ किंवा ४ पडले तर बरोबरी, ५ किंवा ६ पडले तर दुसरा संघ विजयी. विजयाला ३ गुण, बरोबरीला १, पराभवाला शून्य. वर्गात हे २८ फासे टाकायला पंधरा-वीस मिनिटे लागतात.

तक्ता मांडल्यावर मुले चकित होतात. सरासरी गुण ९ च्या थोडे वर येतात, ते ठीक. पण पहिल्या संघाचे गुण १४ च्या आसपास आणि तळाच्या संघाचे ४-५ असतात! हा तक्ता कोणी वृत्तपत्रात छापला, तर पहिल्या संघाच्या प्रशिक्षकाची मुलाखत घेतली जाईल आणि शेवटच्या संघाच्या प्रशिक्षकाला बदलण्याची मागणी होईल. प्रत्यक्षात दोघांत काडीचाही फरक नव्हता.

फुटबॉलमध्ये योगायोगाला एवढा वाव मिळतो, कारण गोल दुर्मीळ असतात. बास्केटबॉलमध्ये दोन्ही बाजूंचे गुण डझनांनी मोजावे लागतात, त्यामुळे सरस संघाचा सरसपणा त्यातून वर येतो. दुर्मीळ घटना मोजण्याचे गणित सिमेऑन प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखले जाते. प्रशियाच्या सैन्यात घोड्यांच्या लाथांनी किती सैनिक दगावतात, याच्या नोंदींना बोर्टकीविच याने १८९८ मध्ये ते लावून दाखवले, हे पाठ्यपुस्तकांतले जुने उदाहरण. गोलांनाही ते बऱ्यापैकी लागू पडते. समजा, एका सामन्यात बलवान संघाचे सरासरी १.८ आणि दुबळ्या संघाचे सरासरी १ गोल अपेक्षित आहेत. फरक जवळजवळ दुपटीचा. तरीही प्वासाँच्या सूत्रानुसार बलवान संघ १०० पैकी ५६ सामनेच जिंकतो. २३ बरोबरीत सुटतात आणि २१ तो चक्क हरतो.

मुंबईकरांना याचे ताजे उदाहरण आठवत असेल. २०२३-२४ च्या इंडियन सुपर लीगमध्ये मुंबई सिटी आणि मोहन बागान यांचा साखळीतील शेवटचा सामना १५ एप्रिल २०२४ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर झाला. मुंबईला बरोबरी पुरेशी होती. मोहन बागानने २-१ असा विजय मिळवला आणि २२ सामन्यांअंती ४८ विरुद्ध ४७ गुणांनी साखळीचे विजेतेपद नेले. त्यानंतर १९ दिवसांनी, ४ मे रोजी, त्याच मैदानावर अंतिम सामना झाला. तो मुंबईने ३-१ ने जिंकला. दोन्ही वेळी पराभूतांच्या चुकांची चिकित्सा झाली असेलच. १९ दिवसांत दोन संघांचे बळ उलटेपालटे झाले, असे मानण्यापेक्षा ते जवळजवळ सारखे होते असे मानणे मला अधिक सयुक्तिक वाटते.

मात्र यावरून सगळेच नशीब, असा निष्कर्ष काढणाराही फसतो. १८९१ साली मुंबईत सुरू झालेली आणि पुढे अनेक वर्षे कूपरेजवर गाजलेली रोव्हर्स करंडक स्पर्धा घ्या. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे ती हैदराबाद सिटी पोलिसांनी जिंकली. तुल्यबळ १६ संघ असते, तर एखाद्या ठरावीक संघाने ओळीने पाच वेळा जिंकण्याची शक्यता सुमारे साडेदहा लाखांत एक. येथे योगायोगाचे स्पष्टीकरण टिकत नाही. त्या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम होते. त्यांच्याच हाताखाली भारत १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवून आला.

तेव्हा तक्त्यात बळ किती आणि योगायोग किती, हे वेगळे काढायचे आहे. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना ते जमेल. आपल्या फाशाच्या खेळात एका सामन्याच्या गुणांची सरासरी ४/३ आणि गुणांच्या वर्गांची सरासरी १०/३. दुसरीतून पहिलीचा वर्ग वजा केला की १४/९ उरतात. हा झाला प्रमाण विचलनाचा वर्ग. सात सामन्यांचा तो सातपट, म्हणजे सुमारे ११. केवळ योगायोगाने गुण इतके पसरतात. आता आपल्या गटाचा मागच्या वर्षीचा खरा तक्ता घ्या आणि त्यातील गुणांच्या प्रमाण विचलनाचा वर्ग काढा. समजा तो २२ आला. यातले ११ योगायोगाचे, म्हणून उरलेले ११ खऱ्या बळाचे, म्हणजेच निम्मे-निम्मे. मग सरासरी ९.५ असताना १७ गुण मिळवणाऱ्या संघाचे ७.५ गुणांचे आधिक्य निम्म्यावर आणायचे. यंदाचा अंदाज : सुमारे १३. तळाच्या संघाचा अंदाज याच हिशेबाने वर सरकतो. फ्रान्सिस गाल्टनने १८८६ साली आईबाप आणि मुले यांच्या उंचीत हेच पाहिले होते. या गुणधर्माला सरासरीकडे परतणे म्हणतात.

महाविद्यालयीन संघांना आणखी एक वजावट लागते. येथे संघ दरवर्षी बदलतो. शेवटच्या वर्षाचे खेळाडू पदवी घेऊन बाहेर पडतात, त्यामुळे मागच्या वर्षीचे बळही पुरतेपणी पुढे येत नाही. अमेरिकेतील चांगले भाकीतकार म्हणूनच दोन गोष्टी आधी तपासतात : नियमित खेळणाऱ्यांपैकी किती जण परत येत आहेत, आणि मागचे विजय निसटते होते की निर्विवाद. एकेका गोलाने पाच सामने जिंकलेला संघ पुढच्या वर्षी घसरला, तर त्यामागे गर्व शोधण्याचे कारण नाही.

पावसाचाही हिशेब घ्यावा. चिखलात गोल निम्म्यावर आले असे धरा : बलवानाचे ०.९, दुबळ्याचे ०.५. बलाबलाचे प्रमाण तेच राहिले, तरी बलवानाचे विजय ५६ वरून ४३ वर उतरतात आणि बरोबऱ्या २३ वरून ३७ वर जातात. मुंबईत ऐन पावसात रंगणाऱ्या साखळीचे भाकीत म्हणूनच अधिक सावधपणे करावे.

पण संघांचे भाकीत चुकले तर फारसे बिघडत नाही. मुलांचे चुकते तेव्हा बिघडते. मच्छीमार नगरसारख्या वस्तीतील एखाद्या मुलासाठी महाविद्यालयाच्या संघातील जागा ही क्रीडा कोट्यातून प्रवेशाची, पुढे कदाचित नोकरीची वाट असते, आणि निवड पुष्कळदा एका दुपारच्या चाचणी सामन्यावर होते. सरासरी दोन सामन्यांत एक गोल करणारा आघाडीचा खेळाडू उत्तमच म्हणायला हवा. तो एखाद्या सामन्यात एकही गोल न करण्याची शक्यता १०० त ६१ आहे! पाच सामने पाहिले, तर पाचही कोरे जाण्याची शक्यता ८ वर येते. एका फेरीत जाळे रिकामे आले म्हणून कोणताही जाणता तांडेल ती जागा सोडून देत नाही.

मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानमन यांनी इस्रायली वायुदलातील प्रशिक्षकांचा एक अनुभव नोंदवला आहे. शाबासकी दिली की पुढचे उड्डाण बिघडते आणि रागावले की सुधारते, असे त्या प्रशिक्षकांचे ठाम मत होते. उत्तम उड्डाणानंतरचे सामान्य आणि वाईटानंतरचे बरे असणे हे रागावण्याशिवायही घडलेच असते. घटक चाचणीच्या उत्तरपत्रिका वाटताना आपलेही असे मत कधीतरी बनलेले असते. दोन लागोपाठच्या चाचण्यांचे गुण शेजारी मांडावेत, पहिल्या चाचणीतील वरचे दहा व खालचे दहा विद्यार्थी निवडावेत आणि दुसऱ्या चाचणीत त्यांची सरासरी कोठे गेली ते पाहावे. याला एक तासिका पुरते.