दोरी, ओळंबा आणि शर्यतीची गाडी

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की शहादा तालुक्यातल्या रस्त्यांवर टायरगाड्या दिसू लागतात. लाकडी चाकांच्या जागी रबरी टायर आले, आख लोखंडी झाला. दोन्ही चाके समांतर आहेत की नाहीत, हे पाहण्याची रीत मात्र साधीच आहे. चाकांच्या पुढच्या कडांमधले अंतर मोजायचे, मग मागच्या कडांमधले. दोन्ही सारखी आली की चाके सरळ. फरक राहिला तर टायर झिजतात आणि बैलांवर ओढ वाढते. मोटारीच्या शास्त्रात या फरकाला ‘टो’ म्हणतात. शर्यतीच्या गाडीची चाके जुळवतानाही हे माप घ्यावेच लागते.

शहाद्याहून खेतिया, सेंधवा ओलांडून आग्रा रस्त्याला लागले की पुढे इंदूरजवळ पीथमपूर येते. २००७ साली सुरू झालेली ‘बाजा एसएई इंडिया’ ही स्पर्धा तिथे अनेक वर्षे भरत आली आहे. अभियांत्रिकीचे विद्यार्थी एका माणसाची गाडी स्वतः बांधतात आणि खाचखळग्यांतून चार तास पळवतात. सरावात एखादा दगड लागतो, स्टिअरिंगचा दांडा किंचित वाकतो आणि गाडी एका अंगाला ओढू लागते. तिला रस्त्यावर चालवण्याची परवानगी नसते; अलाइनमेंटच्या दुकानात न्यायची तर टेम्पो करावा लागतो. म्हणून मोजण्याची साधने गाडीजवळच हवीत आणि ती स्वतः बनवता आली पाहिजेत. आत बसणारा आपलाच सोबती असतो, तेव्हा अंदाजावर भागत नाही.

सुरुवात जमिनीपासून होते. दोन चाकांत १२० सेंटिमीटर अंतर असेल आणि एका बाजूची जमीन १ सेंटिमीटर उंच असेल, तर चाकाच्या कलाच्या मापात जवळजवळ अर्ध्या अंशाची चूक शिरते. गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी इथे पुरते. चारही चाकांखालच्या जागा तिने तपासायच्या आणि सखल जागी पत्र्याचे तुकडे सारायचे. पुढच्या चाकांखाली दोन पत्रे, मध्ये ग्रीस. म्हणजे चाक अडकून न राहता आपल्या जागी सरकते. आसनावर चालकाच्या वजनाइतकी वाळूची पोती ठेवायची, कारण वजन पडले की स्प्रिंगा दबतात आणि चाकांचे कोन बदलतात.

मग दोरी. गाडीच्या पुढे आणि मागे एकेक सरळ नळी आडवी टेकवायची. दोन्ही नळ्यांवर अगदी सारख्या अंतरावर खाचा करायच्या आणि त्यांतून मासेमारीची बारीक तंगूस दोन्ही बाजूंनी चाकाच्या मध्याच्या उंचीवर ताणायची. इथे बहुतेकांची चूक होते. ते दोरी चाकांना समांतर करतात. ती गाडीच्या मध्यरेषेला समांतर हवी. त्यासाठी दोरीपासून चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर पाहायचे. पुढची दोन्ही अंतरे एकमेकांशी जुळली पाहिजेत, मागची दोन्ही एकमेकांशी. पुढचे आणि मागचे अंतर सारखे असण्याची गरज नाही, कारण पुढच्या आणि मागच्या चाकांमधली रुंदी वेगळी असू शकते.

आता दोरीपासून रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेचे अंतर मोजायचे. समजा रिमचा व्यास ३३ सेंटिमीटर आणि फरक २ मिलिमीटर आला. फरक डोळ्याला क्षुल्लक दिसतो. पण अशी गाडी १ किलोमीटर धावली, तर ते चाक सुमारे ६ मीटर आडवे घासले जाते. पट्टीवर अर्धा मिलिमीटर चुकला तर कोनात सुमारे ५ कलांची चूक होते. रिमवर ६६ सेंटिमीटरची सरळ अॅल्युमिनियमची पट्टी बांधून तिच्या टोकांशी माप घेतले, तर तीच चूक निम्मी होते. महागड्या पट्टीपेक्षा लांब पाया जास्त कामाचा.

चाक वरून आत किंवा बाहेर किती कलले आहे, त्याला ‘कॅम्बर’ म्हणतात. ते ओळंबा सांगतो. रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेपासून ओळंब्याची दोरी किती दूर आहे ते पाहायचे. ३३ सेंटिमीटरवर जवळजवळ ६ मिलिमीटर फरक म्हणजे १ अंश. वाऱ्याने ओळंबा हलत असेल तर तो पाण्याच्या डब्यात बुडवायचा. रिमच वाकडे असेल तर? खडूने खूण करून गाडी अर्धा फेरा पुढे ढकलायची, पुन्हा मोजायचे आणि दोन्ही मापांची सरासरी काढायची. रिमचा दोष एकदा इकडे, एकदा तिकडे येतो आणि आपोआप वजा होतो.

शेवटी दुसऱ्या माणसाने पहिल्याची वही न पाहता सगळी मापे पुन्हा घ्यावीत. दोन वह्या जुळल्या, तरच नट आवळायचे.

यात नवे फारसे नाही. यज्ञवेदीची मापे सांगणारी शुल्बसूत्रे आहेत. शुल्ब म्हणजे दोरी. ‘सुतार’ या शब्दाचे मूळही ‘सूत्रधार’ या शब्दात सांगतात, दोरी धरणारा. लेसरवर चालणाऱ्या यंत्रालाही सरळ कशाला म्हणायचे ते आधी शिकवावे लागते, आणि ते चुकीचे शिकवले तर यंत्र चुकीचाच आकडा ठळक अक्षरांत दाखवते. दोरीची चूक निदान समोर दिसते. ती कुठे टेकली, कुठे सैल पडली, हे वाकून पाहता येते. त्यामुळे गाडी एका अंगाला का ओढते, हे ज्या मुलाने दोरीने शोधले, तो पुढे यंत्रापुढे उभा राहिला तरी आकडा मानण्याआधी गाडीखाली एकदा वाकून पाहील.