अकरावीचा पावसाळा वाया घालवू नका

दहावीचा निकाल लागतो, घरोघरी पेढे वाटले जातात, आणि मग डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात पाऊस कोसळू लागतो. भातलावणी सुरू होते. पास झालेली मुलेमुलीही आईबापाबरोबर चिखलात उतरतात. अकरावीचे वर्ग नीट भरेपर्यंत जुलै-ऑगस्ट उजाडतो. मागोमाग गणपती, मग भातकापणी, मग दिवाळी. दिवाळी सरली की कितीतरी घरांतली माणसे वीटभट्ट्यांवर निघून जातात आणि म्हातारी माणसे व मुले मागे राहतात. बघता बघता वर्ष संपते. “अकरावी म्हणजे विश्रांतीचे वर्ष, खरा अभ्यास बारावीला,” असे म्हणून सर्वजण स्वतःची समजूत घालतात.

पालकहो, ही समजूत फार महागात पडते. इंजिनिअरिंग आणि फार्मसीच्या प्रवेशासाठी जी एमएचटी-सीईटी परीक्षा होते, तिच्यात सुमारे २० टक्के भाग अकरावीचा असतो. डॉक्टरकीच्या नीट परीक्षेत तर अकरावी आणि बारावी, दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम विचारतात आणि चुकलेल्या उत्तराला गुण कापतात. कला आणि वाणिज्य शाखेच्या मुलांनाही सुटका नाही. अकरावीत इंग्रजीचा पाया कच्चा राहिला, तर तो बारावीच्या चार-सहा महिन्यांत भरून निघत नाही.

आमच्या मते खरा धोका बारावीच्याही पुढे आहे. मुलगा कसाबसा ४५ टक्क्यांनी बारावी पास होतो. तलासरीच्या कॉम्रेड गोदावरी शामराव परुळेकर महाविद्यालयात, बोर्डीच्या एन. बी. मेहता विज्ञान महाविद्यालयात किंवा पालघरच्या दांडेकर महाविद्यालयात जातो. तेथे सेमिस्टर असते. पहिली परीक्षा ऐन भातकापणीच्या सुमारास येऊन ठेपते. आता शाळेसारखे कोणी मागे लागत नाही आणि स्वतः अभ्यास करण्याची सवय तर कधी लागलेलीच नाही. दोन-तीन विषय राहतात, मुलगा लाजतो, कॉलेज सोडतो आणि बोईसर किंवा वापीच्या कारखान्यात ठेकेदाराकडे लागतो. मग घरात एकच वाक्य ऐकू येते, “शिकून काय मिळाले?” त्या वाक्याचा घाव धाकट्या बहिणीच्या शिक्षणावर पडतो. म्हणूनच हा प्रश्न एकट्या मुलाचा नव्हे, सगळ्या घराचा आहे.

बुद्धी कमी नाही, वेळ ठरलेली नाही

या मुलांची बुद्धी कमी आहे असे कोणी म्हणेल, तर ते आम्हाला मुळीच मान्य नाही. अडचण आहे ती अभ्यासाला दिवसातली पक्की जागा नसण्याची. शहरातल्या मार्गदर्शक पुस्तकांत लिहिलेले असते की स्वतंत्र खोली, टेबल, खुर्ची आणि शांतता हवी. आपल्या घरांत हे कोठून आणायचे? तेव्हा आपल्या घराच्या दिवसातच अभ्यासाची जागा शोधली पाहिजे.

याचा धडा याच मातीत गिरवला गेला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, गुरांमागे जातात, असे दिसले तेव्हा त्या मुलांना दोष देत बसल्या नाहीत. गुरे चरतात तेथेच त्यांनी शाळा नेली. तिला कुरणशाळा म्हणत. मुलांच्या दिवसात शाळा बसवली, तेव्हा मुले शिकू लागली.

अनुताईंचे स्वतःचे शिक्षणही असेच झाले. लहानपणीच वैधव्य आलेल्या अनुताई दिवसा शिक्षिकेची नोकरी करून रात्रशाळेत शिकल्या आणि १९३७ साली मॅट्रिक झाल्या. बी.ए. झाल्या त्या १९६१ साली, वयाच्या ५१ व्या वर्षी, कोसबाडचे एवढे काम सांभाळून! आमच्या दहावी-बारावीच्या मुलींनी हे उदाहरण जवळ बाळगावे.

आणि बाबासाहेबांचे उदाहरण तर घरोघरी ठाऊक आहे. परळच्या चाळीतील एका खोलीत सगळा संसार होता. म्हणून भीमरावांनी रात्री लवकर झोपायचे, वडील रामजींनी जागत बसायचे आणि पहाटे दोनच्या सुमारास मुलाला उठवून मग स्वतः पाठ टेकायची, असा त्या घराचा क्रम होता. खोली मोठी करता येत नव्हती, म्हणून त्यांनी वेळ वाटून घेतली. १९०७ साली मॅट्रिकला बाबासाहेबांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले, म्हणजे ४० टक्क्यांहूनही कमी. त्यानंतर सहाच वर्षांनी ते अमेरिकेच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. एका परीक्षेच्या गुणांवर माणसाचे भवितव्य ठरत नाही; लागलेली सवय मात्र पुढे कामी येते. अर्थात याचा उलटा अर्थ कोणी काढू नये. आज प्रवेश गुणवत्ता यादीवर मिळतो, म्हणून गुणही मिळवलेच पाहिजेत.

पुस्तक मिटा आणि सांगा

आता अभ्यास कसा करावा ते पाहू. आपली बहुतेक मुले एकच धडा चार-पाच वेळा वाचतात. वाचताना सारे ओळखीचे वाटते आणि पेपरात आठवत नाही. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी याचा प्रयोग केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार बैठकांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्यांनी एका बैठकीत वाचला आणि पुढच्या तीन बैठकांत न पाहता आठवून लिहिला. आठवड्यानंतर पहिल्यांना सुमारे ४० टक्के आठवले, दुसऱ्यांना सुमारे ६१ टक्के. तात्पर्य, पुस्तक मिटून आठवणे हाच खरा अभ्यास होय.

विद्यार्थी मित्रहो, यासाठी क्लासची फी लागत नाही. आमची सूचना अशी आहे :

१. पहाटेचा एक तास पक्का करा. लावणी असो, कापणी असो, तो तास मोडू नका. रविवारी सहा तास बसण्यापेक्षा रोजचा एक तास मोलाचा आहे.

२. एक मुद्दा वाचा, पुस्तक मिटा, वहीत आठवून लिहा, मग ताडून पाहा. जे राहिले ते लाल पेनाने लिहा. तोच मुद्दा दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा आठवा.

३. एसटीत, शेताच्या बांधावर, पाण्याच्या रांगेत पुस्तक लागत नाही. सकाळचा मुद्दा तेथे मनात म्हणा, नाहीतर मैत्रिणीला समजावून सांगा.

४. दिवाळीच्या सुट्टीपासून मागील प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा.

५. तोंडी परीक्षा आणि प्रकल्प टाळू नका. बारावीच्या इंग्रजीत ८० गुण लेखी आणि २० तोंडी असतात. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्रात प्रत्येकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. हे गुण वर्षभर कॉलेजात हजर राहणाऱ्याच्या पदरात सहज पडतात.

भाषेचा डोंगर

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. घरी वारली किंवा दुसरी बोली, शाळेत पुस्तकी मराठी, आणि अकरावी विज्ञानाला एकाएकी सगळे इंग्रजी. मुलाला विषय समजत नाही असे वाटते, पण अडलेला असतो तो शब्द. यासाठी वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात मराठी शब्द, तिसऱ्यात आपल्या घरच्या बोलीत अर्थ. ऑस्मोसिस, परासरण, आणि तिसऱ्या रकान्यात “मीठ लावलेल्या कैरीला पाणी सुटते ते”. रोज पाच शब्द लिहिले तरी वर्षात दीड हजारांवर जातात. घरच्या बोलीची लाज बाळगू नका. तिच्याच आधाराने हा डोंगर चढता येतो.

आईबापांनी काय करावे?

“आम्ही अडाणी, आम्ही काय शिकवणार?” असे अनेक माताभगिनी म्हणतात. त्यांना आमचे सांगणे आहे की, शिकवू नका, फक्त ऐका. चुलीपाशी बसून मुलाला म्हणा, “आज काय शिकलास ते पुस्तक मिटून मला सांग.” तो अडखळला की कुठे अडले ते त्याचे त्यालाच कळते.

दुसरे, मुलीच्या वाट्याला पाणी, भाकरी आणि धाकट्यांचा सांभाळ, आणि मुलाला मात्र मोकळा वेळ, हा अन्याय थांबवा. कामे दोघांत सारखी वाटा. घरात एकच मोबाईल असेल तर रात्री तो आईच्या उशाशी राहावा.

तिसरे, कागदपत्रे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र यांची धावपळ निकालानंतर करू नका. अकरावी-बारावीतच अर्ज करा. वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आणि अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. चौकशी अनुक्रमे डहाणूच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात आणि समाजकल्याण खात्यात करावी.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीच्या गावांना भूकंपाचे धक्के बसू लागले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. धुंदलवाडीच्या परिसरात माणसे भर थंडीत घराबाहेर झोपत होती, आणि त्याच महिन्यात बारावीची परीक्षा सुरू झाली. असे प्रसंग कोणाच्या हातात नसतात. परंतु ज्याचा अभ्यास आधीच झालेला असतो, त्याला अशा वेळी निदान त्याची तरी चिंता नसते.

म्हणून वस्तीवस्तीतील विहारात, समाजमंदिरात आणि पाड्यावरच्या शाळेत पहाटे एक तास दिवा लावा. चार मुले एकत्र बसवा. कॉलेजात शिकणाऱ्या एका मोठ्या मुलाने वा मुलीने त्यांना मिटल्या पुस्तकाचे प्रश्न विचारावेत. यासाठी कोणाच्या वर्गणीची वाट पाहण्याचे कारण नाही. या पावसाळ्यात, लावणी चालू असतानाच, सुरुवात करा.