मरतोय, उठतोय... पुन्हा मरतोय!

टास्क मॅनेजर उघडायचा, संशयित प्रोसेसवर 'एंड टास्क' मारायचं आणि हुश्श करायचं. दोन सेकंदांत स्वारी पुन्हा हजर! ऑफिसात असाल तर आयटीवाल्याला हाक मारून चहाला जाता येतं. पण गावाकडच्या मंडळींचा हेल्पडेस्क तुम्हीच असता, त्याचं काय?

समजा, फोन बीड जिल्ह्यातल्या चकलांब्याहून आलाय. चुलतभावाचं ऑनलाइन फॉर्म भरायचं सेंटर आहे. बाहेर रांग लागलीय, पीक विम्याच्या पावत्या काढायच्यात आणि 'प्रिंट स्पूलर' सारखा बंद पडून चालू होतोय. "दादा, फॉरमॅट मारू का?" अजिबात नको! त्यात लोकांची स्कॅन केलेली कागदपत्रंही जातील.

उठवतो कोण?

विंडोजमध्ये पडद्यामागे काम करणाऱ्या अशा प्रोग्रॅमना 'सर्व्हिस' म्हणतात. त्यांच्यावर 'सर्व्हिस कंट्रोल मॅनेजर' नावाचा मुकादम असतो. एखादी सर्व्हिस कोसळली की तिला पुन्हा उभं करणं हे त्याचं काम. सर्व्हिसच्या प्रॉपर्टीजमधला 'रिकव्हरी' टॅब बघा. पहिल्यांदा पडली तर काय करायचं, दुसऱ्यांदा पडली तर काय, सगळं तिथे ठरलेलं असतं. म्हणजे पुन्हा चालू होणं हा आजार नाहीच. ती पडते का, हे शोधायचं.

डायरी वाचा

'इव्हेंट व्ह्यूअर' उघडा, 'विंडोज लॉग्ज'मधल्या 'सिस्टीम'वर जा. ७०३१ नंबरची नोंद दिसली, तर कुठली सर्व्हिस, किती वाजता, कितव्यांदा पडली ते कळतं. मग 'अॅप्लिकेशन' लॉगमध्ये त्याच वेळेची १००० नंबरची नोंद शोधा. 'फॉल्टिंग मॉड्यूल'समोर ज्या फाइलचं नाव असेल, तिच्यावर पहिला संशय.

स्पूलरच्या बाबतीत बऱ्याचदा एखादी बिघडलेली प्रिंट रांगेत अडकलेली असते. स्पूलर उठतो, तीच फाइल वाचतो, पुन्हा कोसळतो. उपाय सोपा आहे. स्पूलर 'स्टॉप' करा. सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टीम३२, स्पूल, प्रिंटर्स या वाटेने जाऊन तिथल्या फाइल्स डिलीट करा. फोल्डर मात्र राहू द्या! मग स्पूलर 'स्टार्ट' करा आणि प्रिंट नव्याने द्या. तरीही कोसळला तर प्रिंटरचा जुना ड्रायव्हर काढून कंपनीच्या साइटवरून नवा टाका.

साठ सेकंदांची धमकी

कधीकधी धक्का बाहेरून येतो. ऑगस्ट २००३ आठवतोय? विंडोज एक्सपीच्या स्क्रीनवर एक खिडकी उघडायची, साठ सेकंद उलटे मोजले जायचे आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट! 'ब्लास्टर' नावाचा वर्म नेटवरून येऊन 'आरपीसी' सर्व्हिस पाडायचा. ही सर्व्हिस पडली की अख्खं मशीन रीस्टार्ट करायचं, असं तिच्या रिकव्हरीत ठरलेलं होतं. 'शटडाऊन -ए' ही कमांड दिली की काउंटडाऊन थांबायचा, पण तेवढ्यापुरताच. खरं औषध होतं मायक्रोसॉफ्टचा पॅच. तो आला होता १६ जुलैला आणि वर्म पसरायला लागला ११ ऑगस्टला. जवळपास चार आठवडे हातात होते, पण असंख्य लोकांनी तो टाकलाच नव्हता.

म्हणून प्रोसेसचं नाव ओळखीचं नसेल तर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' बघा. नाव विंडोजच्या प्रोसेसचं, पण फाइल विंडोज फोल्डरच्या बाहेर? आधी नेट काढा, मग अँटिव्हायरसने स्कॅन करा.

आणि तो 'रिमाइंड मी लेटर' म्हणून ढकललेला अपडेट? आज घरी जायच्या आधी उरकून टाका!