स्मृतिभ्रंशातील नियंत्रित पेशीमृत्यू : उपचाराचे लक्ष्य आणि यवतमाळचा संदर्भ

प्रस्तावना :

देशव्यापी पाहणीवर आधारित, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख व्यक्ती स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असून त्याचे प्रमाण शहरांपेक्षा ग्रामीण भागात अधिक आहे. या आजारात मेंदूतील चेतापेशी मरतात हे सर्वज्ञात आहे. त्या कोणत्या मार्गाने मरतात आणि तो मार्ग अडवता येईल काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पेशीमृत्यूचे प्रकार :

आपल्या जिल्ह्यातील सागवान उन्हाळ्याच्या तोंडावर पाने गाळतो. ही पानगळ झाड स्वतःच घडवून आणते. वणव्यात पान जळणे ही वेगळी गोष्ट होय. १९७२ मध्ये केर, वायली व करी यांनी पेशीच्या शिस्तबद्ध मृत्यूला 'ॲपॉप्टोसिस' हे नाव दिले, त्या ग्रीक शब्दाचा अर्थही गळून पडणे असाच आहे. पुढे असे दिसून आले की, वणव्यासारखा भासणारा मृत्यूदेखील पुष्कळदा पेशी आतूनच घडवते. 'नेक्रॉप्टोसिस'मध्ये आरआयपीके१, आरआयपीके३ व एमएलकेएल ही प्रथिने क्रमाने कार्यान्वित होऊन पेशीचे आवरण फाटते व सभोवती दाह निर्माण होतो. २०१२ मध्ये नामकरण झालेल्या 'फेरॉप्टोसिस'मध्ये लोहाच्या साहाय्याने आवरणातील मेदांचे ऑक्सिडीकरण होते.

उपचाराचे लक्ष्य :

२०२३ मध्ये बेल्जियममधील ल्यूव्हेन येथील संशोधकांनी अल्झायमरसदृश विकृती असलेल्या उंदरांच्या मेंदूत मानवी चेतापेशी रोपल्या. त्या पेशींत एमईजी३ नावाचा आरएनए वाढला व नेक्रॉप्टोसिस सुरू झाले. तो मार्ग रोखताच पेशी वाचल्या. मात्र प्रयोगशाळेतून रुग्णापर्यंतची वाट सरळ नाही. आरआयपीके१ रोखणाऱ्या एका औषधाचा विकास प्राण्यांवरील सुरक्षितता-चाचण्यांतील निष्कर्षांमुळे २०२० मध्ये थांबवावा लागला. दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. थॅलेसेमियात साचलेले लोह काढणारे डेफेरिप्रोन हे औषध ऑस्ट्रेलियात प्रारंभिक अल्झायमरच्या ८१ रुग्णांच्या वर्षभराच्या चाचणीत तपासले गेले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, औषध घेणाऱ्यांच्या मेंदूतील स्मृतिकेंद्रातील लोह घटले, परंतु त्यांची बौद्धिक क्षमता अधिक वेगाने खालावली. जे लोह पेशीला मारते, तेच तिच्या दैनंदिन कार्यासही लागते, हा भेद येथे दुर्लक्षिला गेला असावा असे प्रस्तुत लेखिकेस वाटते.

यवतमाळच्या संदर्भात :

सध्या सर्रास दिली जाणारी डोनेपेझिल, रिव्हास्टिग्माइन ही औषधे पेशीमृत्यू थांबवीत नाहीत. ती ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे विकर काही अंशी रोखून उरलेल्या पेशींमधील संदेशवहन सुधारतात. विशेष म्हणजे मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशके हेच विकर रोखतात, परंतु तीव्रतेने व दीर्घकाळ. २०१७ च्या खरिपात आपल्या जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. प्राण्यांवरील प्रयोगांत या रसायनांमुळे ऑक्सिडीकरणाचा ताण वाढून चेतापेशींत ॲपॉप्टोसिस सुरू झाल्याचे दिसते. अमेरिकेतील कॅश परगण्यातील पाहणीतही (२०१०) कीटकनाशकांशी व्यवसायाने संपर्क आलेल्यांत अल्झायमरचा धोका अधिक आढळला. यावरून येथील बाधितांना स्मृतिभ्रंश होईलच असा निष्कर्ष काढणे अशास्त्रीय ठरेल. तथापि २०१७ मध्ये सत्तावीस वर्षांचा असलेला मजूर २०५० मध्ये साठीचा होईल. त्याच्या स्मृतीची पहिली नोंद आजच व्हावयास हवी, म्हणजे पुढील घट कशाशी ताडून पाहावयाची हे ठरेल. या कामी वैद्यकीय महाविद्यालयासोबत आपल्या रसायनशास्त्र, मानसशास्त्र व समाजशास्त्र विभागांनाही सहभागी होता येईल. कागदावर घड्याळ काढून दाखवण्याची प्रचलित चाचणी मात्र, ज्याने आयुष्यात पेन्सिल धरली नाही त्याला लावू नये. त्याच्यासाठी बाजारहाट, पेरणीची तिथी, सणवार यांवरील प्रश्न तयार करावे लागतील.