घर माझ्या नावावर, मग पूर्वीच्या जोडीदाराला बाहेर कसे काढायचे?

मानेसरला नोकरीसाठी आलेल्या काही मराठी कुटुंबांनी इथेच कर्ज काढून फ्लॅट घेतले. त्यातला एखादा संसार मोडतो तेव्हा बँकेत येणारा प्रश्न बहुधा एकच असतो. “घर माझ्या नावावर आहे, हप्ता माझ्या पगारातून जातो. मी कुलूप बदलले तर काय बिघडते?”

बरेच बिघडते. रजिस्ट्री तुमच्या नावावर असली म्हणजे तुम्हाला न्यायालयात जाऊन घराचा ताबा मागता येतो. आत राहणाऱ्या माणसाला हाताला धरून बाहेर काढण्याची परवानगी त्या कागदात नसते. कायदेशीर मार्ग सोडून कोणाला ताब्यातून काढले, तर विशिष्ट अनुतोष अधिनियम १९६३ च्या कलम ६ खाली ती व्यक्ती सहा महिन्यांच्या आत दावा लावू शकते. त्या दाव्यात मालक कोण हे पाहिलेच जात नाही, ताबा कोणाचा होता एवढेच पाहिले जाते. म्हणजे स्वतःच्याच घराचा ताबा परत देण्याची वेळ मालकावर येऊ शकते.

समोरची व्यक्ती पत्नी असेल, तर कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ लागू होतो. त्याचे कलम १७ सांगते की एकत्र राहत्या घरातून स्त्रीला कायद्याने ठरवलेल्या पद्धतीशिवाय काढता येणार नाही, मग त्या घरात तिची मालकी असो वा नसो. वीज तोडणे, पाणी बंद करणे, घरात शिरू न देणे यांना हा कायदा आर्थिक छळात धरतो. त्यामुळे “मीटर माझ्या नावावर आहे, दक्षिण हरियाणा बिजली वितरण निगमला अर्ज देऊन कनेक्शन बंद करतो” असा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नका.

घर वडिलांच्या नावावर असले तर सुनेचा हक्क येत नाही, असे अजूनही बरेच लोक धरून चालतात. २००६ च्या एका निकालामुळे तसे मानले जाई. दिल्लीतल्या न्यू फ्रेंड्स कॉलनीतील एका घराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १५ ऑक्टोबर २०२० रोजी तो निकाल चुकीचा ठरवला. सासऱ्याच्या मालकीचे घरही सुनेचे राहते घर असू शकते, असे त्यात म्हटले आहे. पण त्याच निकालात दुसरी बाजूही आहे आणि ती लोक वाचत नाहीत. राहण्याचा हा हक्क कधीच न संपणारा नाही. मालक दिवाणी न्यायालयात घर खाली करण्याचा दावा लावू शकतो, आणि दोन्ही बाजू ऐकून न्यायालयाने दिलेला हुकूम हीच कायद्याने ठरवलेली पद्धत. न्यायालय त्या स्त्रीसाठी तशाच दर्जाची दुसरी जागा किंवा तिचे भाडे देण्याचा आदेशही देऊ शकते.

घटस्फोट झाल्यावर हा हक्क किती उरतो, यावर उच्च न्यायालयांची मते वेगवेगळी आहेत. म्हणून घटस्फोटाचा हुकूम हातात आला की घर आपोआप मोकळे झाले, असे धरू नका. घटस्फोटित पती-पत्नीमधील मालमत्तेचा वाद कौटुंबिक न्यायालयातच चालू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये स्पष्ट केले आहे. मानेसरच्या रहिवाशांना त्यासाठी गुरुग्रामला जावे लागते.

लग्न न करता एकत्र राहणाऱ्यांचे काय? नाते लग्नासारखे असेल तर २००५ चा कायदा त्या स्त्रीलाही संरक्षण देतो. लग्नासारखे म्हणजे काय, याच्या कसोट्या २०१० च्या निकालात आहेत. दोघे लग्नाच्या वयाचे आणि लग्न करण्यास पात्र हवेत, स्वखुशीने बराच काळ एकत्र राहिलेले हवेत आणि समाजात पती-पत्नीसारखे वावरलेले हवेत. या कसोट्यांत न बसणारी व्यक्ती तुमच्या परवानगीने राहणारी ठरते. तिला लेखी नोटीस देऊन परवानगी रद्द करायची, निघायला पुरेसा वेळ द्यायचा आणि तरी ती गेली नाही तर दावा लावायचा. इथे उशीर करू नका. परवानगी रद्द केल्यावर मालक लगेच न्यायालयात आला तर घर सोडण्याचा आज्ञार्थक मनाईहुकूम मागता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये सांगितले आहे.

“बारा वर्षे राहिला की घर त्याचे होते” ही भीतीही पुष्कळांना असते. परवानगीने राहणाऱ्याला ती बारा वर्षे लागू होत नाहीत. गोव्यातल्या एका घराचे प्रकरण २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाले. बहिणीच्या मालकीच्या घरात भाऊ वर्षानुवर्षे राहत होता. मायेपोटी किंवा देखरेखीसाठी राहू दिलेल्या नातेवाइकाचा त्या घरात हक्क तयार होत नाही, मग तो कितीही वर्षे राहो, असे न्यायालयाने म्हटले.

मालक स्त्री असेल आणि पुरुष जोडीदार त्रास देत असेल, तर तिला लांबच्या दाव्याची वाट पाहावी लागत नाही. कलम १९ खाली दंडाधिकारी त्या पुरुषाला घर सोडण्याचा आदेश देऊ शकतात. असा आदेश स्त्रीविरुद्ध देता येत नाही. अर्जाची पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांच्या आत द्यावी आणि अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असे कायदा म्हणतो. स्त्रियांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो; गुरुग्रामच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा किंवा १५१०० वर फोन करा.

आता पैशाची बाजू. मला विचाराल तर खटल्याचा निम्मा निकाल इथे लागतो.

घर खरोखर तुमचेच आहे का? हरियाणात नागरी हद्दीत खरेदीखतावर पुरुषाला ७ टक्के आणि स्त्रीला ५ टक्के मुद्रांक शुल्क लागते. ५० लाखांच्या फ्लॅटवर एक लाख वाचतात, म्हणून अनेकजण रजिस्ट्री पत्नीच्या नावाने करतात. मग हप्ता कोणी का भरेना, कागदावर मालक ती असते. पैसे आपले होते हे पतीला सिद्ध करावे लागते, आणि ते घर पत्नीला भेट दिले नव्हते हेही. बेनामी व्यवहार कायद्यातली सूट जोडीदार आणि मुलांच्या नावाने ज्ञात उत्पन्नातून केलेल्या खरेदीला आहे. लग्न न झालेल्या जोडीदाराला ती नाही. तिच्या किंवा त्याच्या नावाने तुमच्या पैशाने घेतलेले घर बेनामी ठरू शकते. मग ते परत मागण्याचा दावा तर लावता येत नाहीच, उलट घर जप्त होऊ शकते आणि एक ते सात वर्षांची शिक्षाही होऊ शकते. एक लाख वाचवण्यापूर्वी याचा विचार व्हावा.

कर्ज दोघांच्या नावावर असेल तर घटस्फोटाच्या हुकुमाने बँक बांधली जात नाही. पूर्ण रक्कम दोघांपैकी कोणाकडूनही मागता येते. “तो राहतोय, त्यानेच हप्ता भरावा” असे म्हणून हप्ता थांबवू नका. ९० दिवस थकबाकी राहिली की खाते अनुत्पादक होते, दोघांचाही सिबिल घसरतो आणि पुढे बँक ६० दिवसांची नोटीस देऊन घर ताब्यात घेऊ शकते. सहकर्जदाराचे नाव काढायचे तर उरलेल्या एकाच्या उत्पन्नावर कर्ज बसते का, हे बँक नव्याने तपासते. बसत नसेल तर दुसऱ्या बँकेत कर्ज हलवा. वैयक्तिक गृहकर्ज बदलत्या व्याजदराचे असेल तर मुदतीपूर्वी फेडल्याबद्दल दंड लागत नाही.

घर दोघांच्या नावावर असेल तर आधी दुसऱ्याचा हिस्सा नोंदणीकृत दस्ताने तुमच्याकडे यायला हवा, मग इंतकाल, म्हणजे आपल्याकडचा फेरफार. हरियाणात पती-पत्नीमधील हस्तांतरणाला मुद्रांक शुल्कात सवलत आहे. घटस्फोटानंतर तुम्ही पती-पत्नी नसता, म्हणून दस्त कधी करायचा हे तहसील कार्यालयात आधी विचारा.

दावा लावण्यापूर्वी एक हिशेब कागदावर मांडा. समजा हप्ता २८,००० रुपये, तुम्ही बाहेर राहता तिथले भाडे १२,००० आणि न्यायालयाने जोडीदारासाठी ठरवलेले भाडे १२,०००. महिन्याला ५२,००० झाले, दोन वर्षांत साडेबारा लाखांच्या जवळपास, वकिलाची फी वेगळी. म्हणून परस्पर संमतीच्या घटस्फोटात घराची अट नीट लिहून घेणे बहुतेकांना स्वस्त पडते. घर कोणत्या तारखेला रिकामे होणार, किल्ल्या कोण कोणाला देणार, तोवरचे वीजबिल आणि सोसायटीचा देखभाल खर्च कोणाचा, तारीख चुकली तर दर महिन्याला किती रक्कम द्यायची, हे सगळे त्यात असू द्या. नुसते “पत्नी घर सोडेल” असे लिहिले तर भांडायला जागा राहते. अट हुकुमात आली की पुन्हा नवा दावा लागत नाही. त्याच हुकुमाच्या अंमलबजावणीसाठी अर्ज करता येतो आणि गरज पडली तर न्यायालयाचा बेलिफ ताबा मिळवून देतो.

वकिलाकडे जाताना रजिस्ट्री, कर्ज मंजुरीपत्र, पहिल्या हप्त्यापासूनचे खाते उतारे आणि आगाऊ रक्कम कोणत्या खात्यातून गेली त्याचा पुरावा न्या. न्यायालयात द्यायचे उतारे बँकेकडून प्रमाणित करून घ्या. मोबाइलवरून काढलेली प्रत पुरेशी ठरेलच असे नाही. आणि त्याच खेपेला शाखेत बचत खाते, मुदत ठेव आणि लॉकर यांवरचे नामनिर्देशन पाहून घ्या. तिथे पूर्वीच्या जोडीदाराचे नाव तसेच राहून गेलेले असते. संयुक्त खाते असेल तर लेखी अर्ज देऊन दोघांच्या सहीशिवाय पैसे निघणार नाहीत अशी सूचना त्याच दिवशी नोंदवता येते.